दुसरीच्या वाट्याचं जेवण

बारा वाजून पाच मिनिटांनी पिंगलिनच्या थांब्यावर बस उभी राहिली आणि तिच्यातून एकच बाई उतरली. फांग सूचिन तिचं नाव. बासष्ट वर्षांची, ठेंगणी, हातात छत्री, पाठीला लेकीची जुनी पिशवी. पिंगतुंगच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं रोज चारशे पोरांचा भात शिजवला होता. त्या नोकरीतून सुटली तेव्हा रक्तात साखर निघाली, गुडघेही बोलायला लागले. आता ती आठ दिवसांसाठी तैपेईला लेकीकडे आली होती, आणि लेकीला नेमकी सुट्टी मिळाली नव्हती.

"आई, घरात बसून माझी भांडी पुन्हा पुन्हा घासू नकोस," येनरू सकाळी म्हणाली होती. "चहाच्या मळ्यांकडे जा. नदीकाठी फीर, एखाद्या चहाघरात बस, कमी तेलामिठाचे चार घास जेव, आणि चारच्या बसनं ये."

"एकटी?"

"एकटी. चारशे पोरांना एकटीनं वाढत होतीस ना?"

"चारशे पोरं असली की माणूस एकटं नसतं," सूचिन म्हणाली, पण गेली. जन्मात पहिल्यांदा एकटीनं कुठेतरी निव्वळ हिंडायला म्हणून गेली.

पुलापलीकडच्या मोठ्या चहाघरांत सहलीच्या गाड्या लागल्या होत्या. तिला तो गलका नको होता. ती चढ चढून वर गेली. तिथे एक जुनं चहाघर दिसलं. सात-आठ टेबलं, मागचं दार सताड उघडं, आणि दारातून थेट चहाची हिरवी उतरण. आत खिडकीपाशी एक जोडपं तेवढं बसलेलं. बाईच्या डोक्यावर रुंद कडेची टोपी होती, तोंड भिंतीकडे होतं. नवरा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. बाकी सगळं रिकामं.

सूचिन उंबऱ्यात छत्री मिटत होती तोच आतून एप्रन बांधलेली एक बाई किटली घेऊन आली आणि होती तिथेच थबकली. किटलीच्या तोटीतून पाणी तिच्या चपलेवर सांडत होतं, तरी तिला पत्ता नाही.

"बसनं आलात?"

"हो. आत्ताच्या."

"एकट्याच?"

"एकटीच."

"दक्षिणेकडच्या ना?"

"बोलण्यावरून कळलं वाटतं," सूचिन हसून म्हणाली.

बाईनं एकदम तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! काही विचारायचं नाही म्हणून सकाळपासून स्वतःला बजावतेय, आणि तोंड उघडलं ते विचारायलाच! या, बसा. आम्ही काही म्हणजे काही विचारणार नाही. तुम्हीही काही सांगू नका. मी पाओयुए. या घरची सून."

सूचिनला कळेना. गिऱ्हाइकाला काय हवं हे विचारायचं नाही, ही कुठली रीत? पण डोंगरातली माणसं, असेल त्यांची पद्धत. ती मधल्या मोठ्या टेबलापाशी बसली, कारण पाओयुएनं तिला दंडाला धरून तिथेच बसवलं. दहा माणसांचं टेबल आणि त्यावर ही एकटी.

"मला जरा साधंच द्या हं," ती म्हणाली. "साखर आहे मला. तेल मीठ कमी..."

"साखर आहे?" पाओयुएचे डोळे भरून आले. "असणारच. आमच्या घरात सगळ्यांनाच आहे." आणि ती आत पळाली.

आता यात रडण्यासारखं काय होतं? सूचिन टेबलावरच्या चिमुकल्या पेल्यांकडे बघत राहिली. शेवटी तिनं फोन काढून येनरूला विचारलं, "तू या लोकांना फोन करून ठेवला होतास का?" लगेच उत्तर आलं, "कुठल्या लोकांना?"

जेवण आलं. एकामागून एक येतच राहिलं. चहाच्या बियांच्या तेलात घोळलेल्या बारीक शेवया. रताळ्याच्या वेलाचा कोवळा पाला, नुसता वाफवून वर लसूण. आलं घालून शिजवलेलं घोसाळं. बांबूचे गार कोंब. रताळ्याच्या फोडी घातलेला भात. सगळं हलकं, तिच्या डॉक्टरनं पाठ थोपटावी असं. पण शेवयांच्या कडेला एक अंडं होतं, आणि त्याचं टरफल, बाळाच्या बारशाला रंगवतात तसं, लालभडक रंगवलेलं होतं.

"बारसं आहे का कुणाचं?" सूचिननं विचारलं.

"म्हटलं तर बारसंच," पाओयुए म्हणाली आणि नजर चुकवून निघून गेली.

शेवटी मातीच्या भांड्यात सार आलं. कोंबडीचं, काळंभोर. सूचिननं झाकण उघडलं आणि नाकाला वास येताच ती ताठ झाली. खारवलेला मुळा होता तो, पण असा तसा नव्हे. मुळा जितकी वर्षं बरणीत राहील तितका काळा होतो. हा तर डांबरासारखा होता. तीस वर्षं? चाळीस? ती आयुष्यभर स्वयंपाकघरात राबलेली बाई. अशी बरणी घरात पोरगी बाळंत झाली, नाहीतर कुणी मरणाच्या दारातून परतलं, तर उघडतात. वाटेवरच्या गिऱ्हाइकासाठी कुणी उघडत नाही.

"अहो ऐका," तिनं पाओयुएला हाक मारली. "तुमचं काहीतरी चुकतंय. हे सार दुसऱ्या कुणासाठी असेल."

"तुमच्यासाठीच आहे."

"पण मी मागितलं नव्हतं."

"मागायचं कशाला? तुम्ही जेवा हो. बोलायची घाई नाही. वाटलं तर बोला, नाही वाटलं तर नका बोलू. तुम्ही तसंच कळवलं होतंत ना?"

"मी? मी कुणाला कळवलं?"

"बरं, बरं. नव्हतं कळवलं." पाओयुएनं तिच्या खांद्यावर असं थोपटलं, जसं रडवेल्या पोराला थोपटतात.

सूचिननं सार चाखलं. काय करणार? समोर आलेलं अन्न गार होऊ देणं तिच्या रक्तात नव्हतं. आधी खारट लागलं, मग गोड, मग जुन्या लाकडासारखं काहीतरी, आणि शेवटी घशात ऊब राहिली. असं सार तिनं कधी खाल्लं नव्हतं. पण धड चवीनं खाताही येईना, कारण स्वयंपाकघराच्या पडद्याआडून कुणीतरी सारखं तिला बघत होतं. मागच्या दारातून एक साठीचा माणूस आला. रबरी बूट, पाठीला चहाची टोपली. तिला बघून टोपली न उतरवताच कमरेत वाकला. "मी खुनशान," एवढंच बोलला, वळला, बाहेर गेला, आणि बाहेर जोरात नाक शिंकरल्याचा आवाज आला.

सूचिनच्या डोक्यात भलभलते विचार यायला लागले. सरकारी तपासणीसाला असं जेवू घालतात का? पण तपासणीसासाठी कोण रडतं? की हे टीव्हीवाल्यांचं काही आहे, कुठेतरी कॅमेरा लपवलेला? तिनं छताकडे पाहिलं. छताला फक्त पंखा होता. खिडकीजवळच्या टोपीवाल्या बाईनं त्याच वेळी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि झटकन भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे तिलाही काही ठाऊक आहे की काय? सगळ्या जगाला ठाऊक, आणि जी जेवतेय तिलाच नाही!

मग त्या घरची म्हातारी आली.

पाओयुएनं एका बाजूनं धरलेलं, खुनशाननं दुसऱ्या. अठ्ठ्याऐंशीची असेल. अंगानं काडी, डोळ्यांवर सारवल्यासारखी पांढरी साय. तिला सूचिनच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. तिनं टेबलावर चाचपत सूचिनचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला.

"गार आहेत," म्हातारी म्हणाली. "लहानपणीही गारच होते."

आता मात्र सूचिन घाबरली. "आजी, अहो, तुमचा काहीतरी गैरसमज..."

"ताई!" खुनशान एकदम म्हणाला. तो अजून उभाच होता. "ताई, काही न विचारण्याचं आम्ही कबूल केलंय, पण सांगायचं नाही असं तर नव्हतं ना? मग मला एकच सांगू दे. तुला दिल्यावर वर्षभरात मी झालो. तुझं नावच चाओती ठेवलं होतं, भाऊ आणणारी. तू मला आणलंस आणि तुला दिलं. मी साठ वर्षं या घराचा भात खातोय, पण..."

"झालं? सांगितलंत?" पाओयुए त्याच्यावर डाफरली. "सकाळी तुम्हीच म्हणालात ना, जी बाई तोंड उघडेल तिला मळ्यात पाठवीन म्हणून? आता कोण जाणार मळ्यात?"

तेव्हा कुठे सूचिनच्या ध्यानात आलं. या घरची एक मुलगी पाळण्यात असतानाच दत्तक दिलेली होती. त्या पिढीत दर दोन घरांआड अशी एक मुलगी असायचीच. कुणाकडे दिलेली, कुणाकडे आलेली. ती आज येणार होती. दुपारच्या बसनं, दक्षिणेकडून, एकटी. काही न विचारण्याच्या अटीवर. आणि बसमधून उतरली सूचिन.

सांगायला तोंड उघडलं, पण म्हातारी बोलायला लागली होती.

"त्या दिवशी मी वरच्या मळ्यात पानं खुडत होते. सासू म्हणाली, आज अंधार पडेपर्यंत खुड. मला वाटलं, पाऊस यायचाय, म्हणून घाई. घरी आले तर तुझं दुपटं दोरीवर वाळत घातलेलं. धुतलेलं होतं. ते धुतलेलं बघूनच मला कळलं. सासूला विचारलंसुद्धा नाही." म्हातारीनं सूचिनची बोटं एकेक करून चाचपली, जशी मोजतच होती. "कुणाला दिलं ते ती मरेपर्यंत बोलली नाही. मी पाच वर्षं दर बाजारी दुसऱ्यांच्या पोरी बघत हिंडले."

एवढं ऐकल्यावर 'अहो, ती मी नव्हे' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? हात सोडवून घ्यायचा कसा? सूचिन नुसती बसून राहिली. आणि तिच्या मनानं वेगळाच खेळ मांडला. आपला लहानपणचा एकही फोटो नाही. आपली आई चिडली की म्हणायची, तुला कचऱ्याच्या ढिगावरून उचलून आणलंय. सगळ्याच आया म्हणतात. पण सगळ्याच आया खोटंच म्हणतात, हे कशावरून? आपले हात गार आहेत. आपल्याला साखर आहे. छे! आपल्या जन्माच्या वेळी दारात अडकून पडलेल्या सुइणीची गोष्ट थोरला भाऊ अजून सांगतो. मग आपण कोण? फांग सूचिन. नक्की? हो, नक्की. असं तिनं स्वतःला दोनदा बजावलं आणि तरी तिसऱ्यांदा बजावावं लागलं.

"मी जरा हात धुऊन येते," ती पुटपुटली आणि उठली.

हात धुवायची जागा मागच्या दाराबाहेर होती. तिनं नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि येनरूला फोन लावायला ओला हात खिशात घातला. तेवढ्यात मागून कुणीतरी आलं. टोपीवाली बाई होती ती. उंच, पातळ ओठांची, टोपी हातात चुरगाळत उभी.

"अजून थोडा वेळ बसा तिच्याजवळ," ती म्हणाली.

"काय?"

"बसा थोडा वेळ. मला बघू द्या."

सूचिननं नळ बंद केला. "तुम्ही..."

"चाओती मीच. आता ते माझं नाव नाही, पण तीच मी."

"अहो, मग चला ना आत! मी तर त्यांना सांगणारच होते..."

"मी अकरापासून बसलेय इथे. शेवया दोनदा मागवल्या. कुणी धड बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे."

"नवरा बरोबर आहे ना म्हणून! ते एकटीची वाट बघतायत."

"मीच कळवलं होतं एकटी येईन म्हणून. सकाळी धीर होईना, म्हणून त्याला गाडी काढायला लावली. आत आले तेव्हा सांगणारच होते. ती सून म्हणाली, तुम्ही दोघं तिकडे खिडकीपाशी बसा, मधलं टेबल आज राखून ठेवलंय." ती एकदम हसली, पण त्यात हसू नव्हतं. "मग बसले खिडकीपाशी."

"मी सांगते त्यांना. चूक झाली म्हणते. त्यात काय एवढं?"

"नको!" बाईनं तिचं मनगट धरलं. तिचा हात तापलेला होता. "मला जमायचं नाही तिच्याशी बोलायला. मी कितीतरी वर्षं काय काय बोलायचं ठरवून ठेवलंय, आणि ते सगळं वाईट आहे. तुम्ही नुसत्या बसलात तरी तिला बरं वाटतंय. बसा ना. तुमचं काय जातंय?"

"पण हे खोटं आहे हो."

"तुम्ही कुठे काही बोललात? खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं."

शाळेत कुणी दुसऱ्याच्या ताटातलं उचललं तर सूचिन हातावर पळी मारायची. इथे जिचं ताट तीच म्हणत होती, जेव. बाई टोपी घालून आत निघूनही गेली. सूचिन कितीतरी वेळ समोरच्या चहाच्या ओळींकडे बघत उभी राहिली. सांगावं तर या बाईचा शब्द मोडतो. न सांगावं तर त्या म्हातारीला फसवल्यासारखं होतं. आणि उठून तडक बसथांब्यावर जावं, तर पिशवी आत टेबलाखाली राहिलेली.

ती आत गेली. म्हातारीनं खुर्चीचा आवाज ऐकून हात पुढे केलाच होता. सूचिननं आपला हात त्यात ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा तो तिथे गेला. खिडकीजवळ ती बाई पुन्हा पाठमोरी बसली होती. नवरा आता फोनकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

म्हातारीनं चाचपत घोसाळ्याची एक फोड उचलली आणि सूचिनच्या वाडग्यात टाकली. निम्मा रस टेबलावर सांडला.

"एकच विचारते," ती म्हणाली.

"आई, नाही विचारायचं," खुनशान हळूच म्हणाला. "ठरलंय आपलं."

"तुमचं ठरलं असेल. मी मरायला टेकलेय. मला काय कुणाची भीती?" तिनं तोंड सूचिनकडे वळवलं. "तिकडे तुला पोटभर जेवायला मिळायचं ना?"

सूचिनच्या तोंडात घास होता तो तसाच राहिला. हो म्हणावं? सोपं होतं. एक अक्षर, म्हातारीचे उरलेले दिवस सुखात गेले असते. पण कुणाच्या पोटाची साक्ष कोण देणार? तिनं हो म्हणायला मान हलवली असती, पण म्हातारीला मान कुठे दिसत होती! सूचिननं खिडकीकडे पाहिलं. सूचिनच्या डोळ्यांत इतकी गयावया होती की त्या नवऱ्यानं बायकोच्या पाठीवर हात ठेवला.

"मिळायचं," खिडकीजवळून आवाज आला. ती बाई वळली नव्हती, भिंतीशीच बोलत होती. "रोज नाही. पण मिळायचं. पोरं जेवल्यावर जे राहील ते. शाळेत जायला लागल्यावर बरं मिळायला लागलं."

खुनशाननं आधी खिडकीकडे बघितलं, मग सूचिनकडे, मग बायकोकडे.

"हे कोण बोललं?" म्हातारीनं विचारलं.

"आजी," सूचिन म्हणाली, आणि आता मात्र शब्द आपोआप आले, "मी तुमची मुलगी नाही हो. मी पिंगतुंगची आहे. मी इथे नुसती जेवायला आले होते. तुमची मुलगी तिकडे खिडकीपाशी बसलीय."

पाओयुएच्या हातातलं झाकण खाली पडलं. "म्हणजे मी... मीच त्यांना म्हटलं, तिकडे बसा..." ती मटकन खुर्चीत बसली. "अरे देवा! दोनदा शेवया वाढल्या मी त्यांना! दुसऱ्यांदा तर सांगून आले की जरा लवकर आटपा."

ती बाई उठून आली. सूचिन आपली खुर्ची सोडून उभी राहायला लागली, पण उठता येईना. म्हातारीनं तिचा हात पक्का धरून ठेवला होता. शेवटी त्या बाईनं दुसरीकडची खुर्ची ओढली आणि म्हातारीच्या पलीकडच्या बाजूला बसली. म्हातारीनं मोकळ्या हातानं तिचा हात धरला, चाचपला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हिचे हात गरम आहेत. ही नव्हे."

"गरमच असतात माझे," बाई म्हणाली.

"लहानपणी गार होते."

"थंडीचे दिवस असतील तेव्हा."

म्हातारीनं विचार केला. "होते," ती शेवटी म्हणाली. "थंडीचेच होते." पण सूचिनचा हात काही तिनं सोडला नाही. दोन्ही हात दोन्हीकडे धरून बसली, आणि अधूनमधून इकडचा दाबायची, मग तिकडचा. कोणती खरी याचा तिचा निकाल लागलेलाच नव्हता.

सूचिनला वाटलं होतं, आता रडारड होईल, गळामिठ्या होतील, आणि त्या गडबडीत आपल्याला हळूच निसटता येईल. तसं काही झालं नाही. त्या बाईनं खुनशानकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तूच का तो? मी आणलेला?"

खुनशाननं मान खाली घातली. "हो ताई."

"बराच मोठा झालास की."

त्याला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तो दोन्ही करायला गेला आणि ठसका लागला. पाओयुए उठली, नवीन शेवया करते म्हणाली, नवीन अंडं रंगवते म्हणाली, पण काळ्या मुळ्याचं सार काही नवीन होण्यासारखं नव्हतं. बरणीत होता तेवढा घातला होता. बाईनं सूचिनच्या समोरचं भांडं आपल्याकडे ओढलं.

"उष्टं आहे ते माझं," सूचिन ओशाळून म्हणाली. "निम्मं मी संपवलंय हो. मला माहीत असतं तर..."

"असू दे. मी दुसऱ्यांचं उरलेलंच खात मोठी झालेय." ती दोन घोट प्यायली. "खारट आहे."

"खारटच असतं," म्हातारी म्हणाली. "तेवढं जुनं आहे ते."

एवढंच. मग नवरा येऊन बसला, त्याची ओळख झाली, त्यानं आपल्या दोन मुलांचे फोटो दाखवले. म्हातारीला दिसत नव्हते तरी तिनं फोन हातात घेऊन बोटानं पुसला. बाईनं कुणालाच जवळ घेतलं नाही. म्हातारीशी बोलताना ती 'तुम्ही' म्हणत होती, परक्या बाईशी बोलावं तसं. आणि दोघींच्या त्या भेटीत एक तिसरीच बाई एक हात अडकवून बसली होती, जिचा यातल्या कशाशी काही संबंध नव्हता.

साडेतीन वाजता म्हातारीला डुलकी लागली तेव्हा सूचिनचा हात सुटला. मुंग्या आल्या होत्या. पाओयुए तिला थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटभर माफी मागत होती, आणि मधेच हसत होती.

"अहो, पण तुम्ही आधीच का नाही बोललात?"

"बोलू दिलंत का तुम्ही?"

"तेही खरंच. नाव काय म्हणालात तुमचं?"

"अजून कुणी विचारलंच नाही. सूचिन."

बस आली. सूचिन खिडकीशी बसली, आणि बस पुलावर वळली तशी तिला रडू फुटलं. का, ते तिला कळेना. दुःख झालं म्हणावं तर कुणाचं? आपलं तर काही गेलं नव्हतं. पोट मात्र भरलेलं होतं, आणि जिभेवर त्या मुळ्याची चव तशीच रेंगाळत होती.

पाओयुएनं थांब्यावर तिचा नंबर घेतला होता, पुढचं सगळं सूचिनला तिच्या फोनवरून कळत गेलं. ती बाई त्या दिवशी पाच वाजता गेली, मागे वळून न बघता. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण शरद ऋतूत ती पुन्हा आली. मग नववर्षाच्या आधी. मग म्हातारी आजारी पडली तेव्हा चार दिवस राहिली, रात्री उठून तिला पाणी पाजलं. अजून 'तुम्ही'च म्हणते. खुनशानला मात्र येता-जाता टोमणे मारते, आणि तो ते खाऊन घेतो.

"आणि आमच्या सासूबाई दर वेळी विचारतात," पाओयुए एकदा म्हणाली, "ती गार हातांची का नाही आली? किती समजावलं, की ती आपली नव्हे. म्हणतात, मला ठाऊक आहे, पण ती का नाही आली? वसंताच्या खुडणीला तुम्ही याच. ताईंनीही सांगितलंय, बोलवा म्हणून."

"येईन हो," सूचिन म्हणाली, "पण मी तिथे कोण म्हणून यायचं?"

फोन बाजूला धरून पाओयुए ओरडल्याचं ऐकू आलं, "अहो, ऐकलंत का? सूचिनताई विचारतायत, कोण म्हणून यायचं?" खुनशान काहीतरी बोलला. त्याला कुणीतरी बाईमाणसानं खोडून काढलं. म्हातारीचा बारीक आवाज मधे घुसला. पलीकडे चांगलाच वाद पेटला, आणि फोन टेबलावर ठेवून सगळे तो विसरून गेले. सूचिन पिंगतुंगला आपल्या ओट्यापाशी फोन कानाला लावून उभी होती. एक शब्द धड कळत नव्हता, पण तिनं फोन काही ठेवला नाही.